बदलीची ऑर्डर आणि बदललेली गाडी

माझे मेहुणे फौजेत आहेत. जोधपूरच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा घरात नेहमीची धांदल उडाली. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घालून झाले, मुलांचे शाळेचे दाखले निघाले, गॅसचं कनेक्शन सरेंडर झालं. सगळ्यांत शेवटी लक्ष गेलं ते दारातल्या थारकडे. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, रुंद टायर, बाहेरून बसवलेला सायलेन्सर, काचांना फिल्म आणि छतावर एलईडीचा पट्टा.

"भावजी, हिचं काय?" मी विचारलं.

"हिचं काय म्हणजे? चालवत नेऊ. चार वर्षांत कुणी हात दाखवलाय का?"

घोळ इथेच असतो. चार वर्षांत कुणी अडवलं नाही याचा अर्थ गाडी कायदेशीर आहे असा होत नाही. कुणी बघितलं नाही, एवढाच होतो. बदली झाली की नवं राज्य, नवं आरटीओ, नवा नाकाबंदीवाला आणि मिलिटरी स्टेशनच्या गेटवरचा नवा संत्री. त्यांच्यासमोर गाडीची ओळख एकच, आरसीवर छापलेली. म्हणून आधी आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून बघायची.

आरसीवर काय काय असतं ते आपण गाडी घेतल्यापासून क्वचितच वाचतो. कंपनी, मॉडेल, बॉडीचा प्रकार, चासी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, इंजिन किती सीसीचं, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आसनसंख्या, इंधन, रंग, रिकाम्या गाडीचं वजन. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा सगळा भर या नोंदींवर आहे. कंपनीने मुळात जी वैशिष्ट्यं ठरवून दिली, त्यांच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. 'बदल' म्हणजे काय हेही कलमातच सांगितलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. म्हणजे सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम, मोबाइलचा होल्डर, पायपुसणी यांची चिंता करायचं कारण नाही. हार्डटॉप काढून सॉफ्टटॉप चढवला, मागची सीटं काढून झोपायचा फळा टाकला, दुसरं इंजिन बसवलं, व्हीलबेस ताणला, तर मात्र आरसी एक सांगते आणि गाडी दुसरंच.

केरळमधला असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला. त्याचा सोपा अर्थ असा: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला हात लावायचा नाही. बाकीचे तपशील, उदाहरणार्थ रंग, रीतसर मंजुरी घेऊन बदलता येतात आणि आरसीवर चढवता येतात. 'सगळं मॉडिफिकेशन बंद' अशा बातम्या तेव्हा फिरल्या, त्या अर्ध्याच खऱ्या. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे. भावजींच्या थारवरचे बदल बोटांवर मोजले तर पाच होतात, आणि ते सगळे या कलमात धरले तर आकडा २५,००० वर जातो.

आता एकेक वस्तू घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही.

लोखंडी गार्ड, म्हणजे बुलबार. याबाबत वाद घालण्यात अर्थ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं की हे गार्ड कलम ५२ चा भंग आहेत, कारवाई करा. कारणही पटण्यासारखं आहे. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का पिऊन टाकतो, आणि एअरबॅग कधी उघडायची हे पुढच्या सेन्सरला बसलेल्या हिसक्यावरून ठरतं. मध्ये लोखंडाची चौकट आली की धक्का थेट चासीत शिरतो आणि सेन्सरचं गणित चुकतं. समोर पायी चालणारा असेल तर त्याचं काय होतं ते लिहायला नको. गार्ड काढायचा आणि भंगारात द्यायचा.

सायलेन्सर. इथे नुसतं कलम ५२ नाही, कलम १९०(२) सुद्धा लागतं. आवाजाच्या किंवा धुराच्या मानकांचा भंग केला तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर लायसन्स तीन महिने बाद. गाडी चालवणं ज्याच्या नोकरीचा भाग आहे अशा फौजीला शेवटची शिक्षा दंडापेक्षा जड पडते. बरेच जण आवाजासाठी धूर साफ करणारा आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात आणि म्हणतात, 'पीयूसी पास झाली की!' पीयूसी केंद्रावर ठरावीक स्थितीत धुराची चाचणी होते, एवढंच. गाडीखाली वाकून कुणी काय बसवलंय ते तिथे बघत नाहीत. पीयूसीचा कागद म्हणजे मॉडिफिकेशनची मंजुरी नव्हे. ईसीयू रीमॅपला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्यालाही, हेच लागू.

काचांच्या फिल्मची गोष्ट बदलीवाल्यांनी नीट ऐकावी, कारण नियम एकच असूनही ठिकाणाप्रमाणे अनुभव किती वेगळा येतो ते इथे दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही टक्केवारी कारखान्यात बनलेल्या काचेसाठी आहे, वरून कुठलीही फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही पारदर्शक असो. पुढे नियमात दुरुस्ती होऊन प्लास्टिकचा थर असलेल्या सेफ्टी ग्लेझिंगला जागा मिळाली, आणि त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं की प्रकाशाची टक्केवारी पाळणारी फिल्म चालेल. आता कोचीहून आलेली गाडी दुसऱ्या राज्यात नाक्यावर थांबवली तर मालक केरळचा निकाल दाखवणार आणि हवालदार २०१२ चा. जून महिन्यात, मुलं गाडीत असताना, रस्त्याकडेला उभं राहून घटनात्मक चर्चा करायची हौस असेल तर फिल्म ठेवा. माझं मत विचाराल तर बदलीआधी सोलून टाका. जोधपूरच्या उन्हासाठी काढ-घालीचे जाळीचे पडदे मनात आणलेत? थांबा, चालत्या गाडीत तेही चालत नाहीत. उभ्या गाडीला खुशाल लावा.

छतावरचा एलईडी पट्टा आणि मल्टिटोन हॉर्न दोन्ही काढायचे. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा आणि सूर बदलणारा हॉर्न यांना खासगी गाडीवर माफी नाही.

टायरचं प्रकरण मधलं आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो साइज दिला असेल तिथपर्यंत जायला सहसा हरकत येत नाही. त्यापुढे गेलात की नुसता कायदा नाही, मीटरही चुकतो. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर मीटरवर ६० दिसत असताना गाडी ६६ ने पळत असते. हायवेवरचा स्पीड कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. शिवाय टायर बाहेर डोकावत असतील तर तपासणीला गाडी उभी राहताच पहिली नजर तिथेच जाते.

आणि आता रंग. रंग बदलणं हा खरं तर सगळ्यांत सरळ बदल. आधी आरटीओला अर्ज, मंजुरी, मग रंगकाम, मग गाडी दाखवून आरसीवर नवा रंग चढवायचा. पण फौजींचा एक लाडका रंग आहे आणि नेमका तोच चालत नाही. नियम १२१ म्हणतो, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. रोज तोच रंग अंगावर घालणाऱ्या माणसालाही स्वतःच्या गाडीला तो देता येत नाही! लष्कराच्या लिलावातून जिप्सी घेणाऱ्यांनाही आधी रंग बदलावा लागतो, मगच नंबर मिळतो. भावजींना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. बाण असलेल्या नंबरचंही तसंच. वर टोक केलेला बाण हा संरक्षण खात्याच्या वाहनांचा, तुमच्या खासगी गाडीचा नाही. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काहीही लिहायचं नाही, त्यात 'आर्मी' हा शब्दही आला.

चांगली बातमी अशी की काही बदल कायद्याच्या चौकटीतच बसतात. सीएनजी किंवा एलपीजीचं मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातून बसवा आणि इंधनाची नोंद आरसीवर करून घ्या. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, तिचं सर्टिफिकेट बदलीच्या फाइलमध्ये ठेवा. नवीन गावात पंपावर गॅस भरताना तेच मागतात. दुसरा बदल आहे अपंगत्व आलेल्या माणसासाठी केलेला: हाताने चालणारा ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर. सीमेवर पाय गमावलेल्या जवानासाठी ही चैन नाही, आणि कायद्यानेही तसं मानलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीत 'अडॅप्टेड व्हेइकल' अशी स्वतंत्र व्याख्याच आली. कलम ५२ खाली मंजुरी घेऊन अशी गाडी बनवता येते आणि आरसीवर तशी नोंद होते. ही नोंद केलेली नसेल तर बदलीआधी ते काम सगळ्यांत आधी हातात घ्या.

नोंद करायची राहूनच गेली असेल तर? कायदा म्हणतो, बदल केल्यापासून १४ दिवसांत, तुम्ही राहता त्या भागातल्या आरटीओला कळवा. 'राहता त्या भागातल्या' हे फौजींच्या सोयीचं आहे. मूळ आरटीओकडे धावायची गरज नाही, नवीन आरटीओ नोंद करून जुन्याला कळवतं. पण यातून मंजुरीलायक बदलच सुटतात. बुलबारची नोंद करायला गेलात तर स्वतःच्या पायाने सापळ्यात चालत गेल्यासारखं होईल. गाडीवर कर्ज असेल तर बदलाला बँकेची लेखी संमतीही लागते, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

एवढं झालं की मग खरा प्रश्न: नंबर बदलायचा का? दुसऱ्या राज्यात गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. सहा-आठ महिन्यांच्या कोर्सवर गेलात तर लागत नाही. मात्र तुम्ही नक्की कधी आलात हे सिद्ध करायची वेळ येते, म्हणून मूव्हमेंट ऑर्डरची प्रत आणि वाटेतल्या टोलची फास्टॅगची नोंद जपून ठेवा. अडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तारीख धरली की बोलणं लवकर संपतं.

दोन-तीन वर्षांची बदली असेल तर रस्ता लांबचा. जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी घ्यायची. त्यासाठी चलनं भरलेली हवीत, गाडीवर गुन्ह्याची किंवा चोरीची नोंद नको, कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत हवी. मग नव्या ठिकाणी फॉर्म २७, तिथला रस्ता कर, तपासणी, नवा नंबर आणि नवी हाय सिक्युरिटी प्लेट. तो नंबर हातात आला की जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. तो मागावा लागतो, आपोआप येत नाही. आणि नवा कर आधी भरायचा, जुना मागाहून मिळतो. मधले काही महिने खिशाला दुहेरी चिमटा बसतो.

तपासणी म्हणजे काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग, धूळ, झाडाखाली फाइली घेऊन उभी माणसं. इन्स्पेक्टर बॉनेट उघडायला लावतो. कुणीतरी फडक्याने चासीवरचं ग्रीस पुसतं, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासतं आणि करड्या पट्टीत पांढरे आकडे उमटतात. तो पेन्सिल प्रिंट अर्जावर चिकटतो. मग इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरकतो आणि गाडीभोवती एक फेरी मारतो. हातात आरसी. रंग, सीटं, बॉडी, टायर. ही फेरी दोन मिनिटांची असते आणि मॉडिफाय केलेल्या गाडीचं सगळं भवितव्य तिच्यात ठरतं. तोवर तुम्ही हजार किलोमीटर दूर असता आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर मागे घरी, किंवा त्याहून वाईट, मॉडिफिकेशनवाल्याला 'एक्स्चेंज'मध्ये देऊन टाकलेला.

यावर सरकारने काढलेली वाट म्हणजे बीएच, भारत सीरिज. १५ सप्टेंबर २०२१ पासून ती लागू झाली आणि संरक्षण दलातले लोक तिला पात्र आहेत. नंबर असा दिसतो: आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं. देशात कुठेही बदली होवो, नंबर तोच. एनओसी नाही, नव्या राज्याचा कर नाही. कर एकदम पंधरा वर्षांचा नसून दोन-दोन वर्षांचा भरायचा: १० लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, १० ते २० लाखांना १० टक्के, त्यावर १२ टक्के हा दर धरून. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. सुरुवातीला ही सोय नव्या गाड्यांनाच होती, डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलून जुन्या नंबरच्या गाड्यांनाही बीएचमध्ये जायची मुभा मिळाली. वारंवार बदली होणाऱ्या माणसाने तिकडे जावं असंच मी म्हणेन. दोन वर्षांनी कर भरायचा राहिला तर दिवसाला १०० रुपये दंड चढतो, तेव्हा फोनमध्ये आठवण लावून ठेवा. फील्डवर असताना तारीख उलटली की सुट्टीत घरी येईपर्यंत हजारांत जातं.

पण बीएचबद्दल एक गैरसमज पसरलाय. 'बीएच घेतली, आता कुणी काही विचारत नाही.' बीएचने सुटका होते ती नंबर बदलण्यातून. कलम ५२ तिथेही तेवढंच लागू. उलट बाहेरच्या गावात बीएच प्लेट, रुंद टायर आणि फटफटणारा सायलेन्सर हे त्रिकूट दुरून ओळखू येतं.

दिल्ली आणि आसपासच्या भागात बदली असेल तर गाडीचं वयही बघावं लागतं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई तूर्त नको असं सांगितलं. तेव्हापासून हा विषय हलता आहे. जुनी डिझेल जीप हौसेने सजवून दिल्ली कँटला नेण्याआधी त्या आठवड्याचा ताजा आदेश वाचा, मित्राच्या मित्राचं ऐकू नका.

विम्याबद्दल थोडक्यात. जे बसवलंय ते पॉलिसीत लिहून घ्या. इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी आयएमटी २४ आणि गॅस किटसाठी आयएमटी २५ ही जोडकलमं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला की दावा अडकतो, आणि त्याला तो दिसतोच, त्याचं कामच ते. गाडी ट्रकवरून पाठवत असाल तर प्रवासातल्या नुकसानीचं कलम वेगळं असतं, पॅकर्सवाल्याचं 'इन्शुरन्स आहे साहेब' हे वाक्य कागदावर मागा. नंबर बदलल्यावर नवा नंबर विमा कंपनीला कळवायचा, नाहीतर पॉलिसी एका गाडीची आणि अपघात दुसऱ्या गाडीचा असा देखावा तयार होतो.

राहिलं मिलिटरी स्टेशनचं गेट. तिथे स्टेशनचे स्वतःचे आदेश असतात आणि गाडीच्या पाससाठी आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स हे सगळं लागतंच. बाहेर पोलिसाशी हुज्जत घालता येते, गेटवर नाही. त्यात जवानाची गाडी जप्त झाली किंवा केस झाली तर गोष्ट युनिटपर्यंत पोचते आणि सीओसमोर, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर, उभं राहून सायलेन्सरचं समर्थन करावं लागतं. भावजींना दंडाच्या आकड्यांनी काही वाटलं नव्हतं. या एका वाक्याने ते उठले आणि पाना शोधायला लागले.

दोन दिवस गेले. गार्ड उतरला, पट्टा उतरला, फिल्म हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने सोलून निघाली आणि तिचा चिकटा बहिणीने रॉकेलच्या फडक्याने पुसला. मूळ सायलेन्सर माळ्यावर होता, चार वर्षांच्या कोळिष्टकांसकट, हे आमचं नशीब. तो परत बसला. मग काढलेला आवाजाचा सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून भावजींनी ट्रंकेत ठेवायला घेतला.

"तो कशाला?" बहीण म्हणाली.

"निवृत्तीनंतर शेतावर ट्रॅक्टरला लावीन," ते म्हणाले आणि सामानाच्या यादीत लिहिलं: ट्रंक क्रमांक ७, सायलेन्सर, नग एक. मी ती ओळ खोडली. ट्रॅक्टरलाही कलम ५२ लागतं.